कॉन्डोमिनियम प्रकल्पांची मंजुरी : राज्य शासनाकडून स्थानिक शासनाकडे
(मिशिगन राज्याचा अनुभव आणि महाराष्ट्र)

प्रस्तावना

नव्या इमारतीत सदनिका घेऊ पाहणारा ग्राहक विक्री कार्यालयात गेल्यावर बहुधा एकच प्रश्न विचारतो : "मंजुरी आहे ना?" समोरून "आहे" असे उत्तर आले की त्याचे समाधान होते. वस्तुतः या एका शब्दात दोन अगदी भिन्न गोष्टी दडलेल्या असतात. पहिली गोष्ट जमिनीविषयीची असते. या जागेवर एवढे बांधकाम बसते काय, रस्ता पुरेल काय, पाणी व सांडपाण्याची सोय होईल काय, हे प्रश्न तिच्यात येतात. दुसरी गोष्ट व्यवहाराविषयीची असते. विकणाऱ्याचा मालकी हक्क निर्वेध आहे काय, ग्राहकाने दिलेली रक्कम सुरक्षित आहे काय, सामाईक जागेवर कोणाचा किती हक्क राहणार, हे प्रश्न तिच्याखाली येतात.

मंजुरीचा अधिकार राज्य शासनाकडे असावा की स्थानिक शासनाकडे, हा वाद लोकप्रशासनाच्या अभ्यासात जुनाच आहे. विकेंद्रीकरणाच्या बाजूने आणि विरुद्ध दिले जाणारे युक्तिवाद आपण वर्गात नेहमी शिकवतो. तथापि कोणता अधिकार हलवावयाचा, हे निश्चित न करता झालेली अशी चर्चा फारशी उपयोगी ठरत नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्याने १९८२ मध्ये कॉन्डोमिनियम प्रकल्पांना राज्य पातळीवर द्यावयाची पूर्वमंजुरी रद्द केली आणि प्रकल्पांच्या तपासणीचा भार मुख्यतः स्थानिक शासनावर आला. प्रस्तुत लेखात या बदलाचे स्वरूप, त्यातून उद्भवलेले अनपेक्षित परिणाम आणि महाराष्ट्राच्या संदर्भात त्याचा बोध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कॉन्डोमिनियम : संकल्पना व उगम

कॉन्डोमिनियम हा इमारतीचा प्रकार नसून मालकीचा प्रकार आहे, ही गोष्ट प्रथम लक्षात घेणे आवश्यक आहे. या व्यवस्थेत प्रत्येक सदनिकेची स्वतंत्र मालकी त्या त्या व्यक्तीकडे असते. जमीन, जिने, छप्पर, रस्ते, जलवाहिन्या इत्यादी सामाईक क्षेत्रांत सर्वांचा अविभक्त हिस्सा असतो व तो सदनिकेपासून वेगळा करता येत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेत मालमत्ता संस्थेच्या नावे असते आणि सभासदाला भाग व त्या अनुषंगाने भोगवट्याचा हक्क मिळतो. कॉन्डोमिनियममध्ये सदनिकाधारक स्वतःच मालक असतो. तो आपली सदनिका स्वतंत्रपणे गहाण ठेवू शकतो, विकू शकतो, वारसांना देऊ शकतो.

अमेरिकेत या मालकी प्रकाराचा प्रसार प्वेर्तो रिकोतील १९५८ च्या कायद्यानंतर झाला. १९६१ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्यात कलम २३४ समाविष्ट होऊन कॉन्डोमिनियम सदनिकांवरील गहाण कर्जांना संघीय विम्याचे संरक्षण मिळू लागले. त्यामुळे कर्ज देणाऱ्या संस्थांची भीती कमी झाली आणि त्या दशकात बहुतेक सर्व राज्यांनी या विषयावर कायदे केले. मिशिगनचा पहिला कायदा १९६३ चा होय. त्याची जागा १९७८ च्या कॉन्डोमिनियम कायद्याने घेतली.

१९७८ ची व्यवस्था : राज्य हेच द्वारपाल

१९७८ च्या कायद्याने प्रवर्तकावर राज्याच्या वाणिज्य विभागाची अनुमती घेण्याचे बंधन घातले. प्रकल्पाचे मुख्य विलेखपत्र म्हणजे 'मास्टर डीड', उपविधी, नकाशे आणि विक्रीची कागदपत्रे विभागापुढे ठेवावी लागत व अनुमतीखेरीज विक्री करता येत नसे. ही जबाबदारी नगररचना किंवा बांधकाम पाहणाऱ्या खात्याकडे नव्हे, तर वाणिज्य विभागाकडे सोपवली गेली, ही बाब अर्थपूर्ण आहे. त्या काळी मालकीचा हा प्रकार सामान्य ग्राहकाला नवा होता. आपण चार भिंती विकत घेत आहोत की एका मोठ्या मालमत्तेतील हिस्सा, हे त्याला उमगत नसे. त्यामुळे राज्याने कॉन्डोमिनियमकडे मुख्यतः विक्रीचा व्यवहार म्हणून पाहिले आणि फसवणूक टाळणे हा मंजुरीचा हेतू मानला.

या व्यवस्थेचा गुण उघड होता. विक्रीपूर्वीच कागदपत्रे तपासली जात असल्याने दोष आधी दिसत. सर्व राज्यात एकच निकष लागू होई व कायद्याची जाण असलेले अधिकारी एका ठिकाणी उपलब्ध असत.

तिचे दोषही तितकेच स्वाभाविक होते. राज्याच्या राजधानीत, लान्सिंगमध्ये, बसलेल्या अधिकाऱ्यासमोर कागद असत, जमीन नसे. ज्या ओढ्यात प्रकल्पाचे पावसाचे पाणी सोडले जाणार तो दरवर्षी तुंबतो, किंवा ज्या अरुंद रस्त्यावर नवी वसाहत उघडणार तेथे शाळेची वाहने उभी राहतात, हे त्या कार्यालयाला समजण्याचा मार्ग नव्हता. शिवाय शासनाच्या अनुमतीचा शिक्का पाहून ग्राहक आपली स्वतःची चौकशी सैल करी. शासनाने कागदपत्रे तपासली याचा अर्थ प्रकल्प उत्तम आहे असा होत नाही, हे बारकाव्याचे भान बाजारात राहत नाही.

१९८२ ची दुरुस्ती

१९८२ च्या ५३८ क्रमांकाच्या कायद्याने मूळ अधिनियमात व्यापक दुरुस्ती झाली व ती १७ जानेवारी १९८३ पासून अमलात आली. विक्रीपूर्वी राज्याची अनुमती घेण्याची पद्धत या दुरुस्तीने संपुष्टात आणली. वरवर पाहता हा निर्णय म्हणजे एका खात्याचे काम काढून दुसऱ्याला देणे एवढाच वाटतो. प्रत्यक्षात कायद्याने मंजुरी या एका कल्पनेचे तीन भाग केले व प्रत्येकाला निराळी वाट दिली.

पहिला भाग माहितीचा. कायद्याच्या कलम ७१ नुसार सदनिकांसाठी आरक्षणे स्वीकारणे, मास्टर डीडची नोंदणी करणे किंवा बांधकाम सुरू करणे यांपैकी जे आधी घडेल त्याच्या किमान १० दिवस अगोदर प्रवर्तकाने लेखी सूचना द्यावी लागते. ही सूचना संबंधित शहर, व्हिलेज, टाउनशिप किंवा कौंटी, कौंटीचा रस्ते आयोग, कौंटीचा जलनिःसारण आयुक्त, तसेच राज्याचे पर्यावरण व परिवहन विभाग यांना पाठवावयाची असते. ही केवळ सूचना आहे, परवानगीचा अर्ज नव्हे. परंतु ज्यांचे रस्ते व नाले वापरले जाणार त्यांना काम सुरू होण्यापूर्वी कळले पाहिजे, हे तत्त्व तिच्यामुळे प्रस्थापित झाले.

दुसरा भाग जमिनीच्या वापराचा. कलम १४१ नुसार प्रत्येक कॉन्डोमिनियम प्रकल्पाने स्थानिक कायदे व नियम पाळलेच पाहिजेत. याच कलमात स्थानिक शासनावर एक महत्त्वाची मर्यादाही आहे. तोच प्रकल्प मालकीच्या अन्य प्रकारात आला असता तर जे नियम लागू झाले असते, त्याहून वेगळी वागणूक तो कॉन्डोमिनियम आहे एवढ्याच कारणाने त्याला देता येत नाही, किंवा त्यावर बंदीही घालता येत नाही. थोडक्यात, टाउनशिपने इमारतीची उंची, घनता, रस्त्याची रुंदी, वाहनतळ यांविषयी अवश्य विचारावे. त्या घरांची मालकी कोणत्या स्वरूपाची आहे, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा आहे.

तिसरा भाग ग्राहक संरक्षणाचा. हा भाग स्थानिक शासनाकडे गेला नाही, आणि येथेच या दुरुस्तीचे मर्म आहे. अधिकाऱ्याच्या पूर्वतपासणीऐवजी कायद्याने व्यवहारातच संरक्षणे गुंफण्याचा मार्ग पत्करला. खरेदीदाराला विहित कागदपत्रे व राज्याने तयार केलेली ग्राहक पुस्तिका देणे बंधनकारक आहे. विक्री करारावर सही केल्यानंतरही कामकाजाच्या ९ दिवसांच्या आत त्याला कोणतेही कारण न देता व दंड न भरता माघार घेता येते. त्याने दिलेली रक्कम त्रयस्थाच्या ताब्यातील एस्क्रो खात्यात ठेवावी लागते. प्रकल्पाच्या नकाशात अवश्य बांधावयाची म्हणून नोंदलेली कामे अपुरी असतील तर ती पूर्ण होण्याइतका निधी राखून ठेवण्याचीही तरतूद आहे. विक्री जसजशी पुढे सरकते तसतसे संघाच्या संचालक मंडळावर सदनिकाधारकांचे प्रतिनिधी वाढत जातात.

म्हणजेच राज्याने मंजुरीचे दार बंद केले तेव्हा त्या दारावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याची सर्वच कामे टाउनशिपवर ढकलली नाहीत. जमिनीचे प्रश्न ज्याच्या जमिनीवर उभे राहतात त्याच्याकडे गेले. व्यवहाराचे प्रश्न मात्र राज्याच्या कायद्यातच राहिले, फक्त त्यांची अंमलबजावणी अधिकाऱ्याच्या शिक्क्याऐवजी खरेदीदाराचे हक्क व न्यायालय यांच्यामार्फत होऊ लागली. याची किंमतही होती. पूर्वी जो दोष विक्रीपूर्वी कार्यालयात सापडला असता, तो आता विक्रीनंतर दाव्यात सापडण्याची शक्यता वाढली. हक्क जाणणारा व वकील करू शकणारा खरेदीदार या व्यवस्थेत सुरक्षित असतो. इतरांविषयी तसे म्हणता येत नाही.

अनपेक्षित परिणाम : जमिनीचे कॉन्डोमिनियम

दुरुस्तीनंतरच्या वर्षांत मिशिगनमध्ये एक वेगळाच प्रकार रूढ झाला. त्यास तेथे 'साइट कॉन्डोमिनियम' म्हणतात. तो समजण्यासाठी भूविभाजनाच्या कायद्याकडे पाहणे आवश्यक आहे.

१९६७ च्या भूविभाजन नियंत्रण कायद्यानुसार, १० वर्षांच्या कालावधीत १० एकर किंवा त्याहून लहान असे ५ वा अधिक तुकडे पाडल्यास रीतसर 'प्लॅट' म्हणजे मंजूर भूविभाजन नकाशा तयार करावा लागे. त्यासाठी स्थानिक मंडळ, कौंटीचा रस्ते आयोग, जलनिःसारण आयुक्त व राज्याची खाती अशा अनेक पायऱ्या क्रमाने चढाव्या लागत. ही प्रक्रिया दीर्घ व खर्चिक होती.

कॉन्डोमिनियम कायद्यातील 'युनिट' या शब्दाच्या व्याख्येत इमारत असलीच पाहिजे असे म्हटलेले नाही. स्वतंत्र मालकी व वापरासाठी आखलेला प्रकल्पाचा कोणताही भाग युनिट होऊ शकतो. प्रवर्तकांच्या व त्यांच्या वकिलांच्या हे लवकरच ध्यानात आले. जमिनीचे भूखंड न पाडता तिच्यावर मोकळी युनिटे आखावीत, मास्टर डीड नोंदवावे आणि प्रत्येक युनिटवर खरेदीदाराने आपले स्वतंत्र घर बांधावे, असा मार्ग निघाला. रस्त्यावरून जाणाऱ्याला ही वसाहत आणि भूविभाजनातून उभी राहिलेली वसाहत यांत काडीचाही फरक दिसत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र पहिली कॉन्डोमिनियम असते, दुसरी भूविभाजन असते.

उदाहरणादाखल ४० एकरांचे एक शेत घेऊ. १७८५ च्या जमीन अध्यादेशाने आखलेल्या ६ मैल लांब व ६ मैल रुंद सर्वेक्षण चौकोनात असे तुकडे सहज सापडतात. ६४० एकरांच्या एका चौरस मैलाचा तो सोळावा भाग असतो. या शेतावर ३० घरे बांधावयाची आहेत असे समजू. भूविभाजनाचा मार्ग घेतल्यास प्रत्येक टप्प्यावर कोणते ना कोणते खाते नकाशा हातात घेऊन बसलेले असते. १९८३ नंतर कॉन्डोमिनियमचा मार्ग घेतल्यास राज्याची पूर्वमंजुरी लागत नाही आणि भूविभाजनाची प्रक्रियाही लागू होत नाही. त्या ३० घरांचा रस्ता, नाला, सांडपाणी यांचा एकत्रित विचार करणारे शेवटचे ठिकाण म्हणजे टाउनशिपचे नियोजन मंडळ. त्याच्या झोनिंग नियमावलीत कॉन्डोमिनियमच्या स्थळ आराखड्याची तपासणी करण्याची तरतूद असेल तरच तो विचार होणार. नियमावली जुनी असेल, तिच्यात फक्त 'भूखंड' या शब्दाला धरून नियम असतील, तर भूखंडच नसलेल्या वसाहतीला ते लावावयाचे कसे, हा पेच पडतो.

मिशिगनमध्ये ८३ कौंट्या व बाराशेहून अधिक टाउनशिपा आहेत. त्यांतील काहींकडे पूर्णवेळ नियोजनकार व अभियंते असतात. अनेक लहान टाउनशिपांचा कारभार मात्र अर्धवेळ पदाधिकाऱ्यांवर चालतो. ज्या टाउनशिपांनी आपल्या नियमावलीत 'युनिट' व 'भूखंड' यांना समान मानणारी कलमे घातली व स्थळ आराखड्याची तपासणी आवश्यक केली, तेथे अधिकाराचे हस्तांतरण खऱ्या अर्थाने झाले. जेथे तसे घडले नाही तेथे राज्याने सोडलेला अधिकार कोणीच उचलला नाही. लोकप्रशासनाच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. अधिकार वरून सोडल्याने तो आपोआप खाली पोहोचत नाही. तो झेलण्यासाठी खाली नियम, माणसे व तांत्रिक ज्ञान तयार असावे लागते.

रस्त्यांच्या बाबतीत याचे परिणाम दीर्घकाळ टिकतात. भूविभाजनातील रस्ते सामान्यतः सार्वजनिक वापरासाठी अर्पण होतात व त्यांची देखभाल सार्वजनिक यंत्रणेकडे जाते. साइट कॉन्डोमिनियममधील रस्ते अनेकदा खासगी राहतात. हिवाळ्यात बर्फ हटवणे, खड्डे बुजवणे आणि वीस-पंचवीस वर्षांनी रस्ता नव्याने करणे हा खर्च संघाच्या सभासदांवर पडतो. पावसाचे पाणी साठवणाऱ्या तळ्यांचेही तसेच. स्वतंत्र घर व भोवती अंगण पाहून खरेदी करणाऱ्या कुटुंबाला आपण एका सामाईक रस्त्याचे व तळ्याचेही धनी झालो आहोत, हे पुष्कळदा वर्गणी वाढल्यावरच जाणवते.

पुढे १९९६ च्या ५९१ क्रमांकाच्या कायद्याने भूविभाजनाचा कायदाही बदलण्यात आला व ३१ मार्च १९९७ पासून तो नव्या नावाने अमलात आला. लहान विभाजनांच्या अर्जावर स्थानिक शासनाने ४५ दिवसांत निर्णय द्यावा, अशी तरतूद तीत आली. म्हणजे दीड दशकाच्या अंतराने दुसऱ्या वाटेनेही जबाबदारी स्थानिक पातळीवरच येऊन पोहोचली.

महाराष्ट्र : उलट दिशेचा प्रवास

महाराष्ट्राचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. एक तर महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० हा याच कायदेकुटुंबातील आहे. तेथील मास्टर डीडच्या जागी येथे घोषणापत्र, सामाईक क्षेत्रातील अविभक्त हिश्शाची टक्केवारी, अपार्टमेंटचे विलेख व उपविधी ही सर्व अंगे त्यात आढळतात. मुंबईत सहकारी संस्थांचा प्रभाव अधिक असला तरी पुण्यासारख्या शहरांत अपार्टमेंट पद्धतीच्या इमारती मोठ्या संख्येने आहेत. दुसरे म्हणजे, मंजुरीच्या अधिकाराचा येथील इतिहास मिशिगनच्या बरोबर उलट दिशेने गेला आहे.

आपल्याकडे बांधकामाची परवानगी प्रथमपासूनच प्रामुख्याने स्थानिक विषय राहिली. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ व ४५ नुसार विकास परवानगी नियोजन प्राधिकरणाकडे मागावयाची असते व शहरांत हे प्राधिकरण बहुधा महानगरपालिका किंवा नगरपरिषद असते. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगर नियोजन व भूमी वापराचे आणि इमारत बांधकामाचे नियमन हे विषय नागरी स्वराज्य संस्थांसाठी नमूद केले. नियम ठरवण्याची सूत्रे मात्र बव्हंशी राज्याकडेच राहिली. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या मोठ्या भागासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली, हे त्याचे ठळक उदाहरण होय. परवानगी देणारा हात स्थानिक आणि नियम लिहिणारा हात राज्याचा, अशी ही विभागणी आहे.

ग्राहक संरक्षणासाठी १९६३ चा महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियम होता. प्रवर्तकाने काय उघड करावे व कोणती कर्तव्ये पाळावीत हे त्याने सांगितले. तथापि विक्रीपूर्वी प्रकल्पाची नोंद घेणारी स्वतंत्र यंत्रणा त्यात नव्हती. ही उणीव स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ ने भरून काढली. १ मे २०१७ पासून तो पूर्णतः लागू झाला व महारेरा कार्यरत झाले. ५०० चौरस मीटरहून अधिक जमिनीवरील किंवा ८ हून अधिक सदनिका असलेल्या प्रकल्पांची नोंदणी अनिवार्य झाली. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून ती जमीन व बांधकाम यांसाठीच वापरण्याचे बंधन आले.

अशा रीतीने मिशिगनने राज्याची पूर्वतपासणी काढून घेतली आणि महाराष्ट्राने स्थानिक परवानगीच्या जोडीला राज्य पातळीवरची नोंदणी आणली. दिशा उलट असली तरी दोन्ही राज्ये आज जवळजवळ एकाच विभागणीशी येऊन ठेपली आहेत : जमिनीचा प्रश्न स्थानिक शासनाकडे, व्यवहाराचा प्रश्न राज्याच्या कायद्याकडे.

सांध्यातील दोष : कल्याण-डोंबिवली

विभागणी योग्य असली तरी दोन भाग जेथे जुळतात तो सांधा कच्चा असेल तर काय घडते, हे कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींच्या प्रकरणाने दाखवून दिले. २०२२ मध्ये उघडकीस आलेल्या या प्रकरणात महानगरपालिकेच्या नावाची बनावट बांधकाम परवानगीपत्रे तयार करून त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवण्यात आली होती. २०१६ च्या कायद्यानुसार प्रवर्तकाने मंजुऱ्यांच्या व प्रारंभ प्रमाणपत्राच्या प्रती अर्जासोबत द्यावयाच्या असतात आणि प्राधिकरणाने ३० दिवसांत निर्णय न दिल्यास प्रकल्प नोंदणीकृत झाला असे मानले जाते. राज्याचे प्राधिकरण स्थानिक कागदावर विसंबले. खरेदीदार राज्याच्या नोंदणी क्रमांकावर विसंबला. कर्ज देणाऱ्यांनी दोन्ही पाहिले. मूळ परवानगी देणारे कार्यालय व नोंदणी करणारे कार्यालय यांच्यात थेट विचारणेची वाट असती तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटली असती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले. त्यात राहणाऱ्या कुटुंबांनी "मंजुरी आहे ना?" हा प्रश्न विचारला नव्हता असे म्हणता येणार नाही. त्यांना नोंदणी क्रमांकही दाखवता येत होता. दोन स्वतंत्र यंत्रणांपैकी प्रत्येकीने आपले काम कागदोपत्री केले आणि दोहोंच्या मधल्या पोकळीचा भार ज्याच्याकडे कोणताच अधिकार नव्हता त्या खरेदीदारावर पडला. या प्रकरणानंतर प्रमाणपत्रांची संबंधित नियोजन प्राधिकरणाकडून पडताळणी करण्याच्या व दोन्हीकडील संगणकीय नोंदी जोडण्याच्या दिशेने पावले उचलली गेली. मिशिगनच्या कलम ७१ मधील सूचनेचे महत्त्व येथे कळते. ती सूचना प्रवर्तकाकडून स्थानिक शासनाकडे थेट जाते. आपल्याकडे त्याच्या जोडीला राज्याच्या प्राधिकरणाकडून स्थानिक शासनाकडे जाणारी उलट तपासणीही आवश्यक आहे.

चर्चा

उपरोक्त विवेचनातून काही मुद्दे पुढे येतात. पहिला मुद्दा असा की, मंजुरीचे विकेंद्रीकरण हे सरसकट चांगले वा वाईट ठरत नाही. नाल्याची क्षमता ठरवण्यास टाउनशिप वा नगरपरिषद अधिक योग्य असते, कारण पूर आला तर तो तिच्याच हद्दीत येतो. परंतु मालकी हक्काचे विलेख, अविभक्त हिश्शाची टक्केवारी, ठेवींची सुरक्षितता यांचे निकष गावागणिक बदलले तर ग्राहक व कर्जदाते या दोघांचाही विश्वास डळमळीत होतो. हे काम राज्यस्तरावर एकसारखे राहणेच इष्ट आहे.

दुसरा मुद्दा मर्यादेचा आहे. अधिकार देताना त्याची सीमाही आखून दिली पाहिजे. स्थानिक शासनावर जवळच्या रहिवाशांचा दबाव असतो. सदनिका आल्या की गर्दी वाढेल, 'बाहेरचे' लोक येतील, या भीतीपोटी मालकीच्या प्रकारालाच विरोध होऊ शकतो. मिशिगनच्या कलम १४१ ने हा मार्ग बंद केला. वापर तपासा, मालकी नव्हे, हे सूत्र सहकारी संस्था व अपार्टमेंट असे दोन्ही प्रकार शेजारी नांदणाऱ्या महाराष्ट्रातही उपयुक्त आहे.

तिसरा मुद्दा क्षमतेचा आहे. राज्याने एक कार्यालय बंद केल्याने झालेली बचत शेकडो लहान कार्यालयांच्या तयारीवर खर्च केली नाही, तर हस्तांतरण म्हणजे निव्वळ माघार ठरते. आपल्याकडील लहान नगरपरिषदा व नगरपंचायतींमध्ये नगररचनाकारांची अपुरी उपलब्धता पाहता हा इशारा आपल्यालाही लागू पडतो.

समारोप

मिशिगनच्या अनुभवाचे सार असे सांगता येईल : मंजुरी ही एक वस्तू नसून ती दोन प्रश्नांची जुडी आहे व अधिकार हलवण्यापूर्वी ती सोडवून पाहणे आवश्यक आहे. १९८२ च्या दुरुस्तीने ती जुडी बऱ्याच अंशी विचारपूर्वक सोडवली. साइट कॉन्डोमिनियमच्या रूपाने तिच्यातून जे निसटले, ते स्थानिक नियमावल्या वेळेत तयार नसल्यामुळे निसटले. महाराष्ट्रात दोन्ही प्रश्नांना स्वतंत्र उत्तरदायी यंत्रणा आहेत, मात्र त्यांच्यामधील संवाद दुर्बळ राहिल्याची किंमत कल्याण-डोंबिवलीतील कुटुंबांच्या वाट्याला आली. अधिकार राज्याकडे असावा की स्थानिक शासनाकडे, या प्रश्नासोबतच राज्याच्या नोंदवहीतील कागद स्थानिक नोंदवहीशी कोण व केव्हा ताडून पाहणार, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. त्याचे उत्तर नियमात लिहिलेले असेल तरच विक्री कार्यालयात मिळणाऱ्या "आहे" या उत्तरावर ग्राहकाला विसंबता येईल.